एसओपीत पप्पांचा ट्रक लिहू का?

जांभ्याची विहीर

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा आज पहिल्यांदाच काढतेय.

मी डिचोली तालुक्यातली. पणजीला भूशास्त्रात बीएस्सी करतेय, हे शेवटचं वर्ष. भूजलाच्या एमएस्सीसाठी इंग्लंडमधल्या दोन विद्यापीठांना आणि हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या आयएचई या पाण्यावरच्या संस्थेला अर्ज करायचाय. मार्क ठीक आहेत, सरांची शिफारसपत्रं झालीत. अडलंय ते एसओपीवर, म्हणजे अर्जासोबतच्या हेतूपत्रावर. हा विषय का, आमच्याकडेच का, पुढे काय करणार, एवढंच विचारलंय आणि एवढ्याशावर मी तीन आठवडे बसून आहे.

एका कन्सल्टंटकडे पैसे भरले होते. त्यांनी लिहून दिलेलं पत्र सुरू होतं ते असं: ‘लहानपणापासूनच मला पृथ्वीच्या रहस्यांचं आकर्षण होतं.’ मला नव्हतं. लहानपणी मला बालवाडीची टीचर व्हायचं होतं, मग काही दिवस नर्स. ते पत्र मी आईला मराठीत सांगून दाखवलं. आई म्हणाली, ‘चांगलं आहे, पण ही मुलगी कोण?’

खरं कारण वेगळं आहे. लोहखनिजाची खाण आमच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. पप्पांचा स्वतःचा ट्रक होता. खाणीवरचा माल ते आमोण्याच्या जेटीवर टाकायचे, तिथून तो बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदरात जायचा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा मी आठ वर्षांची होते. मध्ये थोड्या चालू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये परत बंद झाल्या तेव्हा आठवीत. खाण चालू असताना खंदकातलं पाणी रात्रंदिवस पंप लावून उपसायचे. मार्च सरला की आमच्या विहिरीचा तळ दिसायचा, वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती तर माझ्या आठवणीत कोणी केलीच नाही. आणि माझी फी, युनिफॉर्म, आजीचं ऑपरेशन, सगळं त्याच ट्रकवर झालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला भूजल शिकायचंय ते या दोन्हींमुळे.

पण हे लिहिलं तर मी पप्पांनाच दोष दिल्यासारखं होईल का? आणि वाचणारे प्राध्यापक मला ‘खाणवाल्याची मुलगी’ म्हणून बघतील का? पप्पांना अजून काही सांगितलेलं नाही.

म्हापसा_शुक्रवार

खाण लिहू नका असं माझं स्पष्ट मत. बाहेरच्यांना गोव्याचं खाण प्रकरण फक्त पर्यावरणाच्या नाशाची गोष्ट म्हणून माहीत असतं. आपल्याकडे किती घरं त्यावर चालली हे त्यांना कोण समजावणार? कॉलेजमधला प्रोजेक्ट, मार्क, आवडीचे पेपर एवढं लिहून मोकळ्या व्हा. अर्ज हा अर्ज असतो, त्यात घर कशाला आणायचं?

दोनापावला

बाय, मी समुद्रविज्ञानात नोकरी केली, आता निवृत्त आहे. संशोधनाच्या जागांसाठी निवड समितीवर बरीच वर्षं बसलो. तेव्हा टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

एका दुपारी चाळीस-पन्नास पत्रं पुढ्यात असतात. निम्म्याहून जास्त पत्रांची पहिली ओळ सारखीच असते: लहानपणापासून आवड, निसर्गाचं वेड, देशासाठी काहीतरी करण्याची इच्छा. ते खोटं असतं असं नाही. पण त्यातून माणूस दिसत नाही, म्हणून वाचणारा ती ओळ ओलांडून पुढे जातो. मी शोधायचो तो एक प्रश्न. या मुलाला नेमकं काय कळत नाहीये, आणि ते न कळल्यामुळे तो किती बेचैन आहे?

हेतू आणि महत्त्वाकांक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्यांची गल्लत करतात. हेतू मागे बघतो, मी इथवर कशामुळे आलो. महत्त्वाकांक्षा पुढे बघते, मला कुठे जायचंय. बहुतेक पत्रांत हे दोन्ही काठ असतात आणि मधला साकव नसतो. ‘आमच्या गावात पाणी नव्हतं’ हा एक काठ. ‘मी गोव्याचा पाणीप्रश्न सोडवीन’ हा दुसरा. मध्ये तू स्वतः काय केलंस? एखादं मोजमाप, एखादं वाचन, एखादा फसलेला प्रयोग. मी सगळ्यात जास्त वेळ तिथे घालवायचो, कारण पुढची दोन वर्षं मुलगा कसा काम करेल ते तिथेच कळतं.

खाण लिहायची की नाही हा माझ्या मते दुसरा प्रश्न. पहिला हा, की त्या विहिरीबद्दल तू काय केलंस?

जांभ्याची विहीर

काका, विशेष असं काही नाही, पण एक आहे.

मार्च २०१८ मध्ये ट्रक अंगणात उभा राहिला. पप्पा घरीच. घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. त्या मे महिन्यात मी विहिरीचं पाणी मोजायला लागले. का ते नीट सांगता येणार नाही. कोणीतरी म्हणालं होतं, आता पंप बंद झाले, बघा विहिरी भरतील. मला ते खरं होतं का ते बघायचं होतं. काथ्याच्या दोराला दगड बांधून तळापर्यंत सोडायचा, वर काढून किती हात दोर ओला झाला ते मोजायचं. आई कालनिर्णयवर दूध आणि गॅस सिलिंडर लिहायची, त्याच चौकटीत मी कोपऱ्यात हात लिहायचे. दर वर्षी मेच्या शेवटी एकदा आणि चवथ झाल्यावर एकदा. कॅलेंडरं आईने टाकली नाहीत, सगळी आहेत.

मेमधल्या नोंदी अशा: २०१८ ला ३ हात, २०१९ ला साडेतीन, २०२० ला ६, २०२१ ला ६ च्या जरा वर. म्हणजे खाण थांबल्यावर पाणी जवळजवळ दुप्पट झालं. कन्सल्टंटला हे सांगितलं होतं. ते म्हणाले, हे बालिश वाटेल, गाळा.

दोनापावला

तेच ठेव, बाकीचं गाळलं तरी चालेल. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने कोणी न सांगता चार वर्षं एकच मोजमाप घेतलं, याहून मोठं कारण मला एसओपीत क्वचित दिसलंय.

आता समितीतला माणूस म्हणून प्रश्न विचारतो, रागावू नकोस. एक, तू ओला दोर मोजलास, म्हणजे पाण्याची खोली. कठड्यापासून पाणी किती खाली आहे ते नाही. भूजलात सहसा दुसरं मोजतात, कारण तळ बदलू शकतो, कठडा जागचा हलत नाही. दोन, २०१९ चा पावसाळा गोव्यात नेहमीपेक्षा फारच जोराचा झाला होता. २०२० च्या मेमधली वाढ खाणीमुळे किती आणि त्या पावसामुळे किती? तीन, खाणकाम थांबलं म्हणजे उपसा त्याच दिवशी थांबला असं नसतं. पंप खरोखर कधी बंद झाले हे तुला ठाऊक आहे का?

ही उत्तरं नसली तर घाबरू नकोस. ‘माझ्याकडे ही उत्तरं नाहीत आणि ती कशी काढतात हे मला शिकायचंय’ हेच तुझ्या पत्राचं हृदय होऊ शकतं. भूजलाचं मॉडेल बनवायला शिकायचंय ते याचसाठी ना?

जांभ्याची विहीर

याचसाठी! हे मला असं शब्दांत मांडताच येत नव्हतं. बीएस्सीत आम्ही जांभा, त्याखालचे लोहखनिजाचे पट्टे, झरे कुठे फुटतात एवढं शिकलो. पण एका खंदकाचा उपसा किती अंतरावरच्या विहिरीला किती दिवसांत जाणवतो, हे आकड्यांत काढायचं कसं ते मला येत नाही.

पेडण्याची आई

मध्येच विचारते, क्षमा करा. माझा मुलगा बारावीत आहे, इंग्लंडला इकॉनॉमिक्सच्या पदवीसाठी अर्ज करायचाय. त्याच्या आयुष्यात असं काही घडलेलंच नाही. देवाच्या दयेने घर नीट आहे, यांचं किराणा दुकान आहे, तो शाळेत जातो, फुटबॉल खेळतो. तो म्हणतो, आई माझ्याकडे स्टोरीच नाही. या ताईंचं वाचून मला आणखी काळजी वाटायला लागली.

स्विंडनचा काणकोणकर

पेडण्याच्या ताई, काळजी सोडा. मी इथे शाळेत शिकवतो, दर शरद ऋतूत मुलांची अशी पत्रं तपासतो.

इंग्लंडमध्ये पदवीचा अर्ज यूकास या सामायिक प्रवेशसंस्थेमधून जातो. २०२६ च्या प्रवेशापासून त्यांनी पद्धत बदलली. आधी एकच सलग निबंध असायचा, आता तीन प्रश्न आहेत. हा विषय का शिकायचाय. आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची त्यासाठी काय तयारी झाली. शिक्षणाबाहेर आणखी काय केलंत आणि ते का उपयोगी. तिन्ही उत्तरं मिळून ४००० अक्षरांची मर्यादा, मधल्या मोकळ्या जागाही मोजतात, आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचं हवं. निवडलेल्या पाचही विद्यापीठांना तोच मजकूर जातो, म्हणून त्यात कुठल्याही विद्यापीठाचं नाव घालायचं नाही. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते, बाकीच्यांची जानेवारीत.

प्रश्न नीट वाचा. त्यात दुःख कुठेच विचारलेलं नाही. विषय विचारलाय. अमेरिकेचं वेगळं. तिथे कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जाचा निबंध असतो, २५० ते ६५० शब्दांचा, आणि तो तुम्ही माणूस म्हणून कोण आहात ते विचारतो. आपल्याकडची मुलं अमेरिकन नमुने वाचतात आणि इंग्लंडला तसंच लिहून पाठवतात. मग आजीच्या मृत्यूवर सुरुवात होते आणि इकॉनॉमिक्स चौथ्या परिच्छेदात येतं. इथला प्राध्यापक तोवर थांबत नाही.

तुमचं किराणा दुकान आहे म्हणता. मुलगा कधी गल्ल्यावर बसतो का?

पेडण्याची आई

बसतो ना, सुट्टीत रोज. मार्च ते मे आमच्याकडे शेतकरी काजूच्या बिया आणून घालतात, त्या तोच वजन करून घेतो. गेल्या वर्षी यांच्याशी वाद घालत होता. बियांचा दर पडला, पण दुकानातल्या काजूगराचा दर कमी का झाला नाही?

स्विंडनचा काणकोणकर

ताई, ही झाली पहिल्या प्रश्नाची सुरुवात. आता त्याला सांगा, या प्रश्नाचा पाठलाग कर. भारतातले कारखाने आफ्रिकेतून कच्च्या बिया मोठ्या प्रमाणावर आणतात, त्याचा पेडण्याच्या बागायतदाराला मिळणाऱ्या दरावर काय परिणाम होतो ते शोध. सरकारने आधारभूत किंमत जाहीर केली तर व्यापारी कसे वागतात, ते वडिलांना विचार. दुकानाच्या वहीतून दोन-तीन हंगामांचे दर काढ. बारावीच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याचा आलेख आहे, तो इथे कुठे बसतो आणि कुठे बसत नाही ते लिही. एवढं करायला त्याला दोन आठवडे लागतील, आणि मग स्टोरी नाही असं तो म्हणणार नाही.

सत्तरीचा मास्तर

पेडण्याच्या ताईंच्या मुलासाठी मलाही एक सांगावंसं वाटतं.

मी मराठी शाळेत शिकवतो. दर वर्षी मुलांना धर्मानंद कोसंबींबद्दल सांगतो. जन्म १८७६, आपल्या सांखवाळचा. शाळेचं शिक्षण अगदी थोडं, घरची माडांची बागाईत बघणारा तरुण. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं, आणि ते मनातून जाईना. १८९९ मध्ये घर सोडलं. पुण्याला गेले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, नेपाळला गेले, तिथून पुढे श्रीलंकेत जाऊन पाली शिकले. पुढे हार्वर्डने पाली ग्रंथाच्या कामासाठी त्यांना बोलावून घेतलं. पोर्तुगीज गोव्यातल्या खेड्यातून, हातात पदवी नसताना.

मुलांना मी विचारतो, त्यांचं कारण काय होतं? एक मासिकातला लेख. इतकं साधं. वजन आलं ते पुढे त्यांनी त्या लेखाचा पिच्छा पुरवला म्हणून. त्यांनी आत्मकथनात हे सगळं मराठीत सरळ लिहून ठेवलंय, स्वतःला मोठं न करता. एसओपी लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाने ती भाषा बघावी असं मला वाटतं. मी इथे गेलो, हे मला कळलं नाही, म्हणून मी तिथे गेलो. बस.

सावर्डे_१२_चाकी

मुली, मी ट्रकमालक होतो. दोन ट्रक होते. तुझं वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

लिही. पप्पांचा ट्रक लिही. आमच्याबद्दल दोनच गोष्टी छापून येतात, आम्ही डोंगर खाल्ले किंवा आम्ही मोर्चे काढले. आम्हीही त्याच विहिरींचं पाणी प्यायलो. धूळ आमच्याच पोरांच्या छातीत गेली. बँकेचे हप्ते आम्हीच भरले, ट्रक अंगणात गवतात उभा असतानासुद्धा भरले. यातलं तुला जेवढं वाटतं तेवढं लिही, पण एक लक्षात ठेव. रडगाणं लिहू नकोस, आणि बापाला गुन्हेगारही करू नकोस. जसं होतं तसं.

आणि पप्पांना आधी विचार. त्यांना बाहेरून कळलं तर लागेल. तुझ्याकडून कळलं तर नाही.

म्हापसा_शुक्रवार

वर मी लिहिलेलं थोडं मागे घेतो. लपवावं असं मला म्हणायचं नव्हतं. मला भीती वाटते ती वेगळ्या गोष्टीची. गरिबी, संकट हे सगळं दाखवून प्रवेश मागायचा, ही पद्धत मला मनापासून खटकते. माझ्या ओळखीच्या एका मुलाला त्याच्या कन्सल्टंटने सांगितलं होतं, घरची परिस्थिती जरा वाढवून लिही. त्याने लिहिलं. मुलाखतीत त्याबद्दलच विचारलं आणि तो आपल्या आईवडिलांबद्दल खोटं बोलत बसला. नंतर मला म्हणाला, प्रवेशापेक्षा तो अर्धा तास जास्त आठवतो.

दोनापावला

तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे, आणि इथे प्रत्येकाने तो वाचावा. मी एक कसोटी वापरत असे. पत्रातलं संकट काढून टाकलं तर काही उरतं का? विहिरीच्या नोंदी उरतात. काजूच्या दराचा प्रश्न उरतो. नुसतीच दया उरत असेल तर ते पत्र विषयाबद्दल नाही.

मिरामार_एमए

मला ‘परत येणार’ या वाक्याबद्दल विचारायचंय. सगळे नमुने ‘शिक्षण पूर्ण करून मी मायभूमीची सेवा करीन’ यावर संपतात. मी सोशल वर्कला अर्ज करतेय आणि खरं सांगायचं तर मला माहीत नाही मी परत येईन की नाही. लिहू का?

स्विंडनचा काणकोणकर

इथे तीन वेगळे वाचक आहेत, त्यांना एकत्र करू नका. विद्यापीठाला तुम्ही कुठे राहणार याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, या शिक्षणाचं काय कराल याच्याशी असतं. शिष्यवृत्तीचं निराळं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेतली तर दोन वर्षं मायदेशी परतावंच लागतं, ती अट आहे, आणि तिथे त्या कामाची योजना नीट मांडावी लागते. तिसरा वाचक म्हणजे व्हिसा अधिकारी. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला मायदेशाशी तुमचे धागे आहेत हे दाखवावं लागतं. ते त्या खिडकीवर बोला, एसओपीत नको.

जिथे अट नाही तिथे माहीत नसलेलं वचन देऊ नका. ‘पहिली काही वर्षं मला अमुक प्रकारचं काम करायचंय’ एवढं प्रामाणिकपणे लिहिता येतं. मी स्वतः पत्रात परत येईन असं लिहिलं होतं. अठरा वर्षं झाली. दर चवथीला गावी जातो, देवघरापुढे उभा राहिलो की ते वाक्य आठवतं.

फोंडा_फर्मागुडी

एक प्रश्न राहिलाय आणि तो अवघड आहे, म्हणून विचारतो. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, तिथे भूविज्ञान आहे. मग डेल्फ्ट का? समितीत कोणी विचारलं तर?

जांभ्याची विहीर

हा मी स्वतःला बरेच दिवस विचारला. गोवा विद्यापीठात प्रवेश मिळाला तर मी आनंदाने जाईन, तिथेही अर्ज करणार आहे. डेल्फ्टला मला ओढ आहे ती अशी. हॉलंडचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, पाणी उपसणं आणि पातळी सांभाळणं हे त्यांचं शेकडो वर्षांचं काम. उपसलेल्या पाण्याचा हिशेब ठेवणारी माणसं तिथे आहेत. आपल्याकडेही खाडीकाठच्या खाजन शेतीत बांध आणि मानस (पाण्याची दारं) घालून खारं पाणी बाहेर ठेवायची विद्या आहेच. पण खाणीच्या खंदकाचा हिशेब आपल्या गावात कोणी ठेवला नाही. मला तो ठेवायला शिकायचंय. हे लिहिलं तर अतिशयोक्ती होईल का?

फोंडा_फर्मागुडी

नाही. खाजनची ओळ नक्की ठेवा. ‘तुमच्याकडे जागतिक दर्जाच्या सुविधा आहेत’ यापेक्षा ती शंभरपट बोलते. त्यांच्या अभ्यासक्रमाची पानं उघडून नेमका कुठला विषय तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो त्याचं नाव घाला. एकच पुरे.

सत्तरीचा मास्तर

आणखी एक, भाषेबद्दल. आधी मराठीत लिहा. आपल्याकडची मुलं इंग्रजीत विचार करायला बसली की उसने शब्द येतात. ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’, ‘ग्लोबल’. मराठीत ‘मला विहिरीचा तळ दिसायचा’ असं लिहून झालं की त्याचं इंग्रजी आपोआप साधं होतं. माझ्या एका माजी विद्यार्थिनीने असंच केलं. हल्ली मुलं मशीनकडून पूर्ण पत्र लिहून घेतात, आणि यूकास तर मजकूर दुसऱ्या पत्रांशी ताडून बघते असं ऐकलंय.

स्विंडनचा काणकोणकर

बघते, मास्तर. इतरांच्या पत्रांशी साम्य सापडलं तर विद्यापीठांना कळवतात. व्याकरण तपासायला कोणाचीही मदत घ्या. पण कालनिर्णयच्या चौकटीतले आकडे दुसऱ्या कोणाच्या पत्रात असणार नाहीत.

जांभ्याची विहीर

आज रविवार, पप्पा घरी होते. आता ते एका बांधकामाच्या ठिकाणी सुपरवायझर आहेत, रविवारच काय तो मिळतो. दुपारी जेवण झाल्यावर मी त्यांना सोप्यावर बसवून सगळं पत्र मराठीत वाचून दाखवलं. सावर्ड्याच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी विचारलं, लिहू का.

ट्रकचा परिच्छेद वाचताना माझा आवाज बसला. ते काही बोलले नाहीत. मग मी आकडे वाचले, २०१८ ला ३ हात, २०१९ ला साडेतीन, २०२० ला ६. तिथे त्यांनी मला थांबवलं.

‘२०२० ला?’

‘हो.’

‘त्या एप्रिलात लॉकडाऊन होतं. मी आणि शेजारच्या दादाने विहीर उपसून गाळ काढला होता. दोन हात गाळ निघाला. ते लिहिलंस का?’

मला आठवतच नव्हतं. मी तेव्हा दहावीच्या पेपरांच्या काळजीत होते. दोर तळापर्यंत सोडायचा आणि ओला भाग मोजायचा, म्हणजे तळ दोन हात खाली गेला तर पाणी दोन हात ‘वाढलं’. अडीच हातांतले दोन पप्पांनी फावड्याने काढलेले. उरला अर्धा हात, आणि त्या अर्ध्या हातात २०१९ चा पाऊस आहे, खाण आहे, की दोन्ही, हे मला सांगता येत नाही. काकांनी तळ बदलू शकतो म्हणून सांगितलं होतं, तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही.

मी जवळजवळ रडले. चार वर्षांच्या नोंदी चुकीच्या निघाल्या असं वाटलं. पप्पा म्हणाले, ‘चुकीच्या कशा? गाळ निघाला हे खरं, पाणी दिसलं हे खरं. तू फक्त अर्धंच लिहिलं होतंस.’ मग स्वतःच म्हणाले, ‘पंप कधी बंद झाले तेही मला माहीत आहे. माझा मित्र पंपावर होता. त्याला विचारतो.’

त्यांनी फोन लावला. पंप मार्चमध्ये बंद झालेच नव्हते. खंदकाची कड ढासळू नये म्हणून पावसाळ्यापर्यंत थोडा उपसा चालू होता, असं ते मित्र म्हणाले. एका माणसाची आठवण आहे, पण याआधी माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

दोनापावला

बाय, आता तुझं पत्र तयार आहे. जुनं पत्र ‘खाण थांबली आणि पाणी दुप्पट झालं’ म्हणणार होतं. कुठल्याही भूजलतज्ज्ञाने ते पहिल्या मिनिटात मोडलं असतं. आता तूच सांगते आहेस की तुझा निष्कर्ष कसा कोसळला, कोणाच्या माहितीने कोसळला, आणि त्यानंतर काय विचारायचं राहिलं. वडिलांच्या गाळाची ओळ मधोमध ठेव.

सावर्डे_१२_चाकी

पप्पांना माझा नमस्कार सांग.

जांभ्याची विहीर

काल रात्री तिन्ही अर्ज गेले. मधला परिच्छेद मराठीत असा होता, इंग्रजीत जवळजवळ तसाच गेलाय:

‘आमच्या घरचा खर्च ज्या खाणीवर चालत होता, तिच्याच उपशामुळे आमची विहीर आटते असं आम्ही मानत होतो. खाण बंद झाल्यावर मी चार वर्षं विहिरीतलं पाणी मोजलं आणि ते दुप्पट झालं असा निष्कर्ष काढला. हे पत्र लिहिताना माझ्या वडिलांनी, जे त्या खाणीवर ट्रक चालवत, मला सांगितलं की मधल्या काळात त्यांनी विहिरीतला दोन हात गाळ काढला होता. माझा निष्कर्ष त्यामुळे टिकला नाही. एका खंदकाचा परिणाम एका विहिरीवर किती होतो हा प्रश्न मात्र टिकला, आणि तो सोडवायची पद्धत मला येत नाही म्हणून मी अर्ज करत आहे.’

पेडण्याच्या ताई, तुमच्या मुलाचं काजूचं काय झालं ते इथे नक्की लिहा. मास्तर, काका, सगळ्यांना देव बरें करूं.

आज सकाळी पप्पांनी कठड्यावर तांबड्या ऑइलपेंटची खूण मारून दिली. खुणेपासून पाणी नऊ हात खाली. कालनिर्णयवर लिहिलंय.